मंडईतलं अर्धं गाणं

दिवाळी सरली आणि बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, कापलेल्या धानाच्या कडपा आडव्या पडल्या की मला घरात बसवत नाही. भाजी ढवळता ढवळता हात ओट्यावर ताल धरतो. अंगणवाडीत मुलांना ओळीत बसवताना माझा आवाज उगाच वरच्या पट्टीत जातो आणि पोरं दचकून बघतात. रस्त्यावरून भोंगा लावलेली गाडी गेली की हातातलं काम टाकून मी दारात येऊन उभी राहते. गाडीतला माणूस ओरडत असतो, अमुक गावी भव्य मंडई, दिवसा दंडार, नंतर खडीगंमत, सहकुटुंब सहपरिवार या. लोकनाट्यांच्या त्या यादीत आमच्या गाण्याच्या पार्टीचं नाव नसतं. ते नसणार हे माहीत असतं, तरी गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी ऐकत राहते.

मंडई म्हटल्यावर पुण्याकडच्या पाहुण्यांना भाजीबाजार आठवतो, त्यांना समजावून सांगावं लागतं. धान निघालं की आमच्याकडे प्रत्येक गाव आपापला एक दिवस ठरवतं. त्या दिवशी लेकी माहेरी येतात. जावई नवा शर्ट घालून पानठेल्यापाशी उगाच उभे राहतात. उकडलेल्या सिंगाड्यांच्या टोपलीभोवती बायका बसतात आणि सिंगाडे सोलता सोलता कुणाच्या तरी पोरीची सोयरीक जमवून टाकतात. पाळणे, उसाच्या मोळ्या, धूळ, भज्यांचा धूर, आणि या सगळ्याच्या मधोमध मंडपात कुणीतरी गात असतं. कितीतरी वर्षं ते कुणीतरी आम्ही होतो.

आमच्या पार्टीचं नाव लाखोळी. लाखोळी हे आमच्याकडचं कडधान्य, त्याचं बी उभ्या धानातच फेकून पेरतात. नांगर नाही, पाणी नाही, कौतुक नाही, तरी धान कापल्यावर बघावं तर खालून निळी फुलं वर आलेली असतात. नाव मनोहरने ठेवलं. मनोहर ड्रम वाजवायचा, आणि तो माझा नवराही आहे. स्टेजवर सगळे त्याला नावाने हाक मारायचे म्हणून मीही मारायची, त्यावरून सासूबाई पहिलं वर्षभर माझ्याशी नीट बोलल्या नव्हत्या. गिटारवर नागरा गावचा छगन, पोवाराच्या घरचा, धानाची शेती सांभाळून गिटार बडवणारा. मी गायची. आणि माइक हातात धरून उभे असायचे मनोहरचे मामा, ज्यांना आख्खा जिल्हा मामाच म्हणायचा. तरुण पोरं आम्हाला रॉक बँड म्हणायची. म्हातारी माणसं म्हणायची, "ते गिटारवाली पार्टी, लय कल्ला करते, पन बाई चांगली गाते." जयंतीला विहारापुढे, मंडईला गावोगाव, लग्नसराईत मिळेल तिथे. आमगावच्या बाजारात मी भाजी घ्यायला गेले तर भाजीवाली दोन वांगी वर टाकायची, एवढी आमची प्रसिद्धी.

मग आम्ही हिंडणं बंद केलं, आणि गोंदियाजवळच्या फुलचूरच्या एका खोलीत जाऊन गाणी रेकॉर्ड करायला लागलो. तेव्हापासून दर मंडईला मला एकच प्रश्न विचारला जातो.

"काऊन बंद केलं वो मॅडम?"

उत्तरं लोकांनी आधीच तयार ठेवलेली असतात. छगनशी भांडण झालं. मनोहर दारूच्या नादी लागला. बाई मोठी झाली, आता तिला गावातली धूळ सोसत नाही. एकाने तर मला तोंडावर सांगितलं की आम्ही मुंबईला जाणार आहोत, आणि मी नाही म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं. खरं कारण सांगितलं की लोक गप्प बसतात, कारण त्यात चघळण्यासारखं काही नसतं. मनोहरचे कान निकामी होत चालले होते.

त्याची सुरुवात कधी झाली हे आम्हाला दोघांनाही कळलं नाही. मंडईत समोरच्या बाजूला कुणीतरी डीजेची भिंत उभी करायचं, तिचा आवाज आमच्यावर आला की मनोहर आणखी जोरात मारायचा, तो जोरात मारतो म्हणून छगन आपल्या मशीनचा आवाज वाढवायचा, आणि या दोघांच्या वर जायला मी घसा फाडायची. घरी येताना मनोहर म्हणायचा, कानात शिट्टी वाजून राहिली. आम्ही हसायचो. छगन म्हणायचा, "गाडी आली असंल, सिग्नल दे." पुढे ती शिट्टी सकाळीही वाजायला लागली. मग मी उजव्या बाजूने बोललेलं त्याला कळेना. नवरे बायकोचं ऐकत नाहीत यात नवल ते काय, म्हणून मी तेही सोडून दिलं. शेवटी गोंदियाच्या डॉक्टरांनी त्याच्या कानात बघून सांगितलं, "उजवा तो गया समझो. डावा वाचवायचा असेल तर हा धूमधडाका बंद. आज से." दवाखान्यातून बाहेर आल्यावर मनोहर बराच वेळ गाडीला किल्लीच लावेना. मग म्हणाला, "ते कडवं ऐकाचं राह्यलं."

मला लगेच समजलं तो कोणत्या कडव्याबद्दल बोलतोय.

ते समजायला आमच्याकडची रीत ठाऊक हवी. आमच्याकडे गाणं आवडलं की लोक टाळ्या वाजवत बसत नाहीत, नोट वर करतात. नोट वर झाली की मामा हात उचलायचे, आणि मामांचा हात वर झाला की आम्ही असू तिथे थांबायचो, शब्दाच्या मधोमध असलो तरी. मामा खणखणीत आवाजात पुकारायचे, "आमगावचे फत्तूजी, यांच्याकडून लाखोळी पार्टीला सप्रेम भेट! मी त्यांचा लय लय आभारी हाय!" त्यावर मनोहर ड्रमवर एक फिरकी घ्यायचा, आणि गाणं पुन्हा पुढे. नाव पुकारायचं राहिलं तर भांडण. चुकीचं पुकारलं तर त्याहून मोठं भांडण. बाईच्या नावाने नोट आली तर तिच्या नवऱ्याचं नाव आधी घ्यायचं की तिचं, हे मामांना चेहरा बघून कळायचं. मला त्या रीतीचा राग यायचा, आणि त्याच वेळी माझ्या गाण्यामुळे एवढी माणसं आपलं नाव चारचौघांत ऐकून सुखावतात याचा अभिमानही वाटायचा. फत्तूजींचं नाव एरवी कोण एवढ्या मोठ्याने घेणार होतं?

पण यामुळे एक गोष्ट व्हायची. गाणं जितकं काळजाला भिडायचं तितकं ते पुढे सरकायचं नाही.

मनोहरने लिहिलेलं एक गाणं होतं, माझ्या मायवर. माय आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांध्यांमध्ये रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करत आली. आमगावच्या अलीकडे रेल्वेलाईनला लागून त्या बांध्या. वाकून वाकून कंबर दुखली की ती सरळ उभी राहायची, नेमकी तेव्हा गाडी जायची, आणि माय गाडी संपेपर्यंत बघत राहायची. ते मी मनोहरला सांगितलं होतं, आणि त्याने लिहिलं:

बांधी कोनाची, चिखल कोनाचा, रोवते माही माय,
गाडी निंगाली पुढं पुढं, तिचा चिखलात पाय.

ही ओळ आली की मंडप गप्प व्हायचा. पुढे बसलेल्या बायका पदर तोंडाला लावायच्या, कारण त्यांचेही पाय त्याच चिखलातून येऊन तिथे बसलेले असायचे. आणि मग नोटांवर नोटा वर व्हायच्या. मामा पुकारताहेत, मनोहर फिरक्या घेतोय, मी माइक धरून उभी. नावं संपेपर्यंत मंडप निवायचा, मागून पोरं ओरडायची, "आता नाचाचं होऊ द्या!" आणि गावचा अध्यक्ष स्टेजच्या कडेला येऊन हाताने खूण करायचा की चला, पुढचं घ्या. या गाण्याचं शेवटचं कडवं आम्ही एकाही मंडईत गायलो नाही. ते आमच्या घरात, तालमीत, भांडी घासताना गायलं गेलं. मंडपात कधीच नाही.

माय पहिल्या ओळीत बसायची. एका मंडईत कार्यक्रम उरकून मी तिच्याजवळ चहा घेऊन गेले, तर ती फुरंगटून बसलेली.

"का झालं वो माय?"

"तुमच्या गान्यातली बाई सदा चिखलातच काऊन रायते?"

"नाई वो, पुढं हाय ना. पुढच्या कडव्यात ते गाडीत बसते."

"मंग गात काऊन नाई?"

"लोकं नावं पुकाराले लावतात. टाइम पुरत नाई."

मायने चहाची बशी खाली ठेवली. "मी तं कवाची निंगाली चिखलातून. तुमी मात्र गावोगाव मले तिथंच उभी करून राहिले."

मला हसू आलं, आणि त्या हसण्याची मला लगेच लाज वाटली. खरंच होतं तिचं. नागऱ्यापासून सालेकशापर्यंत जिथे जिथे आम्ही गेलो, तिथे तिथे माझी माय चिखलात उभी करून आम्ही सामान आवरून निघून आलो होतो. त्या रात्रीपासून ती ओळ गाताना मला टोचायला लागली. मनोहरला तर ती फारच लागली. तो मामांना म्हणाला, एक गाणं तरी सलग होऊ द्या, नावं शेवटी घ्या. मामांनी एका गावात करून बघितलं. नोट वर धरून ताटकळलेला माणूस सरळ स्टेजवर चढला आणि मामांच्या हातातला माइक घेऊन त्याने स्वतःचं नाव स्वतःच पुकारलं. गाणं पुन्हा तिथेच थांबलं.

तेव्हा "ते कडवं ऐकाचं राह्यलं" याचा अर्थ असा होता. कान जाणार हे कळल्यावर माणसाला काय काय ऐकून घ्यावंसं वाटेल? मी असते तर वाटेल ते ऐकून ठेवलं असतं. मनोहरला एकच हवं होतं, हे गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता. हिंडणं सोडायचं आणि रेकॉर्डिंगला जायचं, असं त्याने गाडीला किल्ली लावता लावता ठरवून टाकलं.

छगन भडकला. ऐन मंडईचे दिवस, पाचसात गावांना शब्द दिलेला. "दुसरा ड्रमर घेऊन टाकू, मनोहरभाऊ बसंल कुर्सीवर," असं तो मला म्हणाला, मनोहरच्या उजव्या बाजूला उभा राहून, म्हणजे त्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने. मनोहर त्याच्या ओठांकडे बघत होता. "घे ना," एवढंच म्हणाला. छगन आठवडाभर आला नाही. आला तेव्हा गिटार पाठीवर होती आणि तोंड वाकडं. "स्टुडिओत गाना गाना, मतलब फोटो के साथ शादी," तो कुरकुरला, आणि सामान गाडीत भरायला लागला.

त्याचं म्हणणं मला पटलं होतं. अजूनही थोडंसं पटतं.

फुलचूरचा स्टुडिओ म्हणजे गुड्डूभाईच्या घरामागची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकी विटांनी बुजवलेली, मधल्या काचेपलीकडे गुड्डूभाईचं मशीन, आणि पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. त्या खोलीत मी पहिल्यांदा शिरले तेव्हा मला गुदमरल्यासारखं झालं. समोर माणूस नाही, धूळ नाही, रडणारं पोर नाही. मंडईत आवाज सोडला की तो माणसांवर आपटून परत यायचा, इथे गादीत जिरून जायचा. मला पळून जावंसं वाटत होतं. कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये मला माझाच श्वास ऐकू येत होता, आणि तो मला अजिबात आवडला नाही.

गुड्डूभाईने खूण केली. मनोहरने कापूस आणि वर जाडजूड कानबंद लावून, काठ्यांऐवजी ब्रश घेऊन हलकेच ताल धरला. मी पहिली ओळ गायली. दुसरी गायली. "तिचा चिखलात पाय," म्हटलं, आणि थांबले. छगन थांबला. मनोहरने ड्रमवर फिरकी घेतली. मग आम्ही तिघं तसेच बसून राहिलो.

काचेपलीकडून गुड्डूभाई ओरडला, "क्या हुआ? लाइट गई क्या?"

 आम्ही पुन्हा सुरू केलं. पुन्हा "पाय"वर आलो आणि पुन्हा तिघंही थांबलो, अगदी एकाच क्षणी. गुड्डूभाई म्हणतो, टायमिंग तर जबरदस्त आहे, पण हा ब्रेक आहे कुणासाठी? मामा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. त्यांना आम्ही सवयीनेच सोबत आणलं होतं, त्यांच्या हातात काही काम नव्हतं. ते खाली बघत म्हणाले, "माह्यासाठी हाय बाप्पा तो." त्यांचा उजवा हात मांडीवरून थोडासा वर उचलला गेला होता, तो त्यांनी हळूच खाली ठेवला.

ती सवय मोडायला आम्हाला जे कष्ट पडले तेवढे गाणं शिकायला पडले नव्हते. मी डोळे मिटून बघितलं, भिंतीकडे तोंड करून बघितलं. शरीर आपोआप थांबायचं. ज्या रीतीवर एवढी वर्षं चरफडले, ती माझ्या श्वासात जाऊन बसली होती. माणूस जोखडाला शिव्या देतो आणि ते उतरवलं की मान अवघडते, असं माझी माय म्हणते, ते तेव्हा मला कळलं. शेवटी गुड्डूभाई वैतागून म्हणाला, जसं येतं तसं गा, मी ती जागा मशीनवर कापून टाकतो. मनोहर म्हणाला, "कापू नोको. राहू दे. मामाची जागा हाय ते." तर ती जागा राहिली. गाण्यात एक छोटीशी गप्प जागा, मग ड्रमची फिरकी, आणि मग पहिल्यांदाच, कुणीही न अडवता, शेवटचं कडवं:

औंदा गाडीत बसली माय, धुऊन आली पाय,
खिडकीतून पाहे बांधी तिले, कोन निंगाली हाय?

गाऊन मी बाहेर आले. गुड्डूभाईने आवाज अगदी बारीक ठेवून मनोहरच्या डाव्या कानाशी गाणं लावलं. त्याने ते ऐकलं आणि म्हणाला, "डबल लाव." पुन्हा ऐकलं. पुन्हा, "डबल." मला वाटलं आवडलं असेल, मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला. तर तो म्हणतो, "रंजू, मले हे आयकू येऊन राहिलं का आठवून राहिलं, तेच समजत नाई."  छगन पाठमोरा होऊन गिटारची तार लावत बसला होता, ती मुळीच उतरलेली नव्हती. मी गुड्डूभाईला गाणं बंद करायला लावलं आणि तेच कडवं मनोहरच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन हळू आवाजात म्हटलं, मध्येच दोन शब्द बदलून. त्याने लगेच मान वर केली. "गलत गायली."

"मंग आयकू येऊन राहिलं," मी म्हटलं. तो एवढा हसला की गुड्डूभाई मशीन सोडून बघायला लागला.

आता आम्ही तिथेच असतो, सुट्टीच्या दिवशी, त्या गाद्यांच्या खोलीत. चांगली गाणी झाली, सलग झाली. मोबाइलवर लोक ऐकतात, अनोळखी गावांतून फोन येतात. मी सुखी आहे असं म्हणायला हवं. पण धान कापलं गेलं की माझं काहीतरी बिनसतं. सलग गाणं मिळालं आणि समोरची माणसं गेली. मंडपात मला अर्धंच गाणं मिळायचं, पण ते फत्तूजींच्या डोळ्यांत दिसायचं. कोणतं मोठं, हे माझं मला ठरवता येत नाही, आणि जे ठरवून मोकळे झालेत त्यांचा मला हेवा वाटतो.

यंदा माझ्या माहेरच्या मंडईला आम्ही गेलो, लेक-जावई म्हणून. मनोहर म्हणाला, मी लांबूनच बघतो, आणि तो तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गाडी लावून, कानात कापूस घालून उभा राहिला. मी मायला घेऊन मंडपाजवळ गेले. दंडार सुरू व्हायला वेळ होता, तोवर भोंग्यावर गाणी चालली होती. सिंगाडे घेता घेता मला ड्रमचा तो पहिला ताल ऐकू आला, ब्रशने वाजवलेला. हात तसाच टोपलीत राहिला. आपलं गाणं खाली उभं राहून ऐकायची मला सवय नव्हती.

"तिचा चिखलात पाय," भोंग्यातून माझा आवाज आला आणि थांबला. आणि आसपासची माणसंही थांबली. त्यांनाही ती जागा पाठ होती. समोरच्या एका म्हाताऱ्याने सवयीने खिशातून नोट काढून वर धरली, भोंग्याकडे. त्याने इकडेतिकडे बघितलं. घेणारं कुणी नव्हतं, पुकारणारं कुणी नव्हतं. त्याचा चेहरा बघून मला मामांची फार आठवण आली, ते हल्ली घराबाहेर फारसे पडत नाहीत. मग मनोहरची फिरकी वाजली, आणि गाणं त्या म्हाताऱ्यासाठी न थांबता पुढे गेलं. त्याने नोट हळूच खिशात ठेवली. पण गेला नाही, ऐकत राहिला. औंदा गाडीत बसली माय, धुऊन आली पाय. शेजारची एक बाई दुसरीला कोपरखळी मारून म्हणाली, "आयकलं का वो? बसली ना ते बुडी गाडीत! मले तं वाटे, ते चिखलातच मेली असंल."

मी मायकडे बघितलं. तिने पदर तोंडाला लावला नव्हता. कपाळाला आठी घालून ती भोंग्याकडे बघत होती, पुढचं गाणं सुरू झालं तरी.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं ना. बसली का नाई गाडीत?"

"बसली तं बसली. पन मंग उतरली कुठी?"

मी मूठभर सिंगाडे उचलून तिच्याकडे वळले.

"तुले गोंदियाच्या शाळेत टाकाले गेलतो ना वो आपन? त्यासाठीच तं पाय धुतले होते मी कालव्यावर. ते काऊन नाई सांगतलं गान्यात? असीच कायले बसंन मी गाडीत, फिराले?"

मी सिंगाडे तिथेच टाकले आणि पाळीकडे निघाले. धुळीतून, पाळण्यांच्या रांगेतून, जवळजवळ पळतच. मनोहरने मला येताना पाहिलं आणि हाताने विचारलं, पूर्ण वाजलं का? मी जवळ गेले, त्याच्या डाव्या कानातला कापूस काढला आणि माय काय म्हणाली ते सगळं सांगितलं. तो हसला. गाडीच्या सीटवर त्याची बोटं चालायला लागली होती.

"म्हंजे अर्धंच हाय अजून," तो म्हणाला.

"हाओ."

"लिव्हा लागते मंग."

मंडपात दंडार सुरू झाली होती, ढोलकीचा आवाज वाढत चालला होता. कापूस परत घालण्याआधी मी त्याच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "लवकर लिव्हा."

एकदाच म्हटलं, तेही हळू. त्याला ऐकू गेलं.